पोलिशमध्ये शब्दाचा शेवट पुन्हा पुन्हा चुकतो? मधली इंग्रजी काढून बघा

पोलिश शिकणाऱ्या मराठी माणसांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. विभक्तीचे तक्ते पाठ आहेत, घरी स्वाध्याय सोडवले तर बरोबर येतात, समोरचा बोलला तर कळतंही. पण स्वतः बोलायला तोंड उघडलं की शब्दाचा शेवट चुकतो. कोणी दुरुस्त केलं की लगेच पटतं, आणि दुसऱ्या दिवशी तीच चूक परत होते. मी कोल्हापूरची. पाच वर्षं पोलंडमधल्या क्राकूफमध्ये राहते आहे आणि पहिली अडीच वर्षं माझं हेच चाललं होतं. ते कशामुळे होतं आणि मी ते कसं सोडवलं, ते इथे सविस्तर लिहिते, कारण माझ्यामागून येणाऱ्या प्रत्येकाला मी याच जागी अडकलेलं पाहिलं आहे.

पोलिश शब्द इथे उच्चाराच्या जवळ जातील असे देवनागरीत लिहिले आहेत, त्यामुळे लेखन मात्र पुस्तकातूनच पक्कं करा. जिथे 'त्स' लिहिलंय तिथे आपल्या चमच्यातला च म्हणा, चहातला नव्हे. हा उच्चार आपल्याला जन्मजात येतो.

आधी तपासणी

उपायाआधी एक काम करा. गेल्या काही आठवड्यांत तुम्हाला कोणीतरी दुरुस्त केलेली तीस वाक्यं वहीत लिहा. प्रत्येकासमोर तीच गोष्ट आईला फोनवर सांगताना तुम्ही जशी म्हणाल तसं मराठी वाक्य लिहा. पुस्तकी नको, घरचं. मग दोन्हीकडे प्रत्यय कुठे लागलाय ते अधोरेखित करा.

माझ्या तीसपैकी एकोणीस वाक्यांत मराठीने प्रत्यय बरोबर जागी लावला होता, आणि मी तो पोलिशमध्ये गाळला होता. म्हणजे जी गोष्ट मला लहानपणापासून येत होती तीच मी चुकवत होते. कारण सरळ आहे. पुस्तकं इंग्रजीतून, ॲप इंग्रजीतून, वर्गात समजावणंही इंग्रजीतून. त्यामुळे विचार मराठीत सुरू होतो, वाटेत त्याचं इंग्रजी वाक्य होतं आणि मग पोलिश. इंग्रजीत नामाला विभक्ती जवळजवळ उरलेलीच नाही, तेव्हा त्या मधल्या मुक्कामावर सगळे प्रत्यय गळून पडतात. पुढे ते तक्त्यातून आठवून नव्याने चिकटवायचे, तेही समोरचा माणूस उत्तराची वाट बघत असताना. तेवढा वेळ बोलण्यात कधीच मिळत नाही.

'मला थंडी वाजते' हे वाक्य

पहिल्या हिवाळ्यात ट्रामच्या थांब्यावर उभी होते. सोबतच्या पोलिश मैत्रिणीने विचारलं, बरी आहेस ना? मी म्हटलं, 'येस्तेम झिम्ना'. इंग्रजी वाक्य शब्दाला शब्द ठेवून उचललेलं: मी आहे थंड. तिने माझा हात हातात घेतला आणि हळूच सांगितलं की असं म्हटलं तर त्याचा अर्थ मी थंड स्वभावाची, भावनाशून्य बाई आहे असा होतो. म्हणायचं 'झिम्नो मी'. यातला 'मी' म्हणजे आपला मी नव्हे, तो आहे 'मला'. थंड, मला. आपण जे म्हणतो तेच.

ती रात्र मी वहीत अशी वाक्यं काढत बसले. मला कंटाळा आलाय: 'नुजी मी शे'. मला झोप येतेय: 'ख्त्से मी शे स्पाच'. मला हे बूट आवडतात: 'पोदोबायों मी शे ते बूती'. या शेवटच्या वाक्याकडे नीट बघा. मराठीत 'आवडतात' हे अनेकवचन बुटांमुळे आलं आहे, 'मला'मुळे नाही. पोलिशमध्येही तसंच, एक बूट असता तर 'पोदोबा' झालं असतं. इंग्रजीतून आलेल्या विद्यार्थ्याला हे उलटं-सुलटं वाटतं आणि त्यासाठी त्याला धडाभर समजावणी लागते. आपल्याला एक ओळ पुरते: जिथे मराठीत 'मला' येऊन क्रियापद दुसऱ्याच गोष्टीशी जुळतं, तिथे पोलिशमध्येही चतुर्थी शोधा.

'ने' आणि 'सोबत' यांची गल्लत

लक्षण: 'सुरीने पाव कापला' म्हणताना सुरीच्या आधी 'झ', म्हणजे 'सोबत', लागतो. कारण इंग्रजीत साधनाला आणि सोबत्याला एकच शब्दयोगी शब्द आहे. मराठीत नाही. आपण सुरी'ने' कापतो आणि भावा'सोबत' जातो. पोलिशमध्ये साधनाला नुसती तृतीया: 'नोझेम', सुरीने, 'त्रामव्हायेम', ट्रामने, 'द्वुगोपिसेम', पेनाने. 'झ' लावला की सोबत. 'झ ब्रातेम', भावासोबत. 'झ नोझेम' म्हणालात तर तुम्ही हातात सुरी घेऊन कुठेतरी निघाला आहात. मराठी वाक्यात 'ने' आहे का एवढंच विचारा आणि हो असेल तर 'झ' गिळून टाका.

इथे एक धोका आहे तो आत्ताच सांगते. मराठीत भूतकाळात कर्त्यालाही 'ने' लागतो: भावाने पाव कापला. त्या 'ने'ला पोलिशमध्ये काही लागत नाही. कर्ता तिथे कायम प्रथमेतच.

षष्ठी: सगळ्यात जास्त चुका इथे, आणि सगळ्यात जास्त मदतही इथेच

पोलिशमध्ये काही क्रियापदांच्या कर्माला द्वितीया लागत नाही, षष्ठी लागते. पुस्तकात त्यांची यादी असते आणि ती पाठ करा म्हणतात. मी ती तीनदा पाठ केली आणि तीनदा विसरले. मग एकदा त्या यादीशेजारी मराठी लिहायला घेतलं आणि क्रियापदाऐवजी नाम वापरून वाक्य फिरवून बघितलं.

'शुकाम प्रात्सी': मी कामाच्या शोधात आहे. 'पोत्शेबूये पोमोत्सी': मला मदतीची गरज आहे. 'बोये शे प्सा': मला कुत्र्याची भीती वाटते. 'उचे शे पोल्स्क्येगो': मी पोलिशचा अभ्यास करते. 'उझिव्हाम', म्हणजे मी वापरते: कशाचा तरी वापर. कामाच्या, मदतीची, कुत्र्याची, पोलिशचा, कशाचा. प्रत्येक ठिकाणी चा-ची-चे!

हा योगायोग असेल किंवा नसेल, मला त्याचं स्पष्टीकरण द्यायचं नाही; मला एवढंच सांगायचं आहे की ही युक्ती बोलताना वेळेवर आठवते आणि यादी आठवत नाही. तिला अपवाद आहेत आणि मोठा अपवाद आधीच पाठ करून ठेवा: आपण बस'ची' वाट पाहतो, पण पोलिशमध्ये तिथे षष्ठी नाही, 'ना' हा शब्द आणि पुढे द्वितीया: 'चेकाम ना आउतोबूस'. आणि गाणी ऐकण्याच्या क्रियापदालाही पोलिशमध्ये षष्ठी लागते, तिथे मराठी गप्प बसते.

नकाराची षष्ठी ही वेगळी गोष्ट, आणि इथे मराठी सरळ मदत करत नाही. माझ्याकडे वेळ आहे: 'माम चास'. वेळ नाही: 'न्ये माम चासू'. दूध आहे: 'येस्त म्लेको'. दूध नाही: 'न्ये मा म्लेका'. दुकानात आठवड्यातून एकदा तरी हे ऐकाल. मी हे 'दुधाचा पत्ता नाही' या वाक्यावर टांगून ठेवलं. नाही म्हटलं की दुधाचा, वेळेचा, पैशाचा पत्ता नाही. पोलिश शाळेतली मुलंसुद्धा षष्ठी अशीच ओळखतात. 'न्ये मा कोगो? चेगो?' म्हणजे कोण नाही, काय नाही, हा त्यांचा षष्ठीचा प्रश्न. आपण 'स ला ते' घोकलं, तसं ते हे प्रश्न घोकतात.

पण हे जमायला लागलं की लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि 'न्ये' दिसला की सगळ्यालाच षष्ठी लावतात. तसं नाही. द्वितीयेतलं कर्म, आणि 'न्ये मा' म्हणताना जे नाही ते, तेवढंच षष्ठीत जातं. जे आधीच दुसऱ्या विभक्तीत आहे ते तिथेच राहतं. ट्रामने जात नाही, तरी ट्राम तृतीयेतच. भावाला मदत करत नाही, तरी भाऊ चतुर्थीतच. 'ही कॉफी नाही' यातली कॉफीही जागची हलत नाही: 'तो न्ये येस्त काव्हा'. कॉफी पीत नाही म्हटलं तर मात्र 'न्ये पिये काव्ही'.

शब्द आतूनच बदलतो तेव्हा

आणखी एक तक्रार: प्रत्यय कोणता ते कळतं, पण मूळ शब्दच ओळखू येत नाही इतका बदलतो. 'प्येस' म्हणजे कुत्रा, आणि कुत्र्याचा म्हणायला 'प्सा'. 'लास' म्हणजे जंगल, आणि जंगलात 'व्ह लेशे'. इंग्रजीतून बघणाऱ्याला हा निव्वळ जाच वाटतो. आपल्याला वाटायला नको. माणूस, पण माणसाला. बेडूक, पण बेडकाला. मधला स्वर आपणही गाळतो. ससा, पण सशाला. पैसा, पण पैशाला. स चा श आपणही करतो. याला शाळेत सामान्यरूप म्हणायचे आणि त्यावर मार्कही असायचे, पण तेव्हा कुणाला वाटलं होतं की ते क्राकूफमध्ये कामी येईल.

या शहराच्या नावातच बघा. क्राकूफ, पण क्राकूफमध्ये म्हणताना 'व्ह क्राकोव्ह्ये': ऊ चा ओ झाला. कोल्हापूर, पण कोल्हापुरात: दीर्घ ऊ ऱ्हस्व झाला. पोलिशमधला तो ऊ कधीकाळी दीर्घ ओ होता, म्हणून तो शब्द वाढला की बदलतो. माझ्या गावाचं नावही पोलिश लोक बिनदिक्कत चालवतात. कोल्हापूरहून: 'झ कोल्हापुरू', इथे 'झ' म्हणजे 'हून'. कोल्हापुरात: 'व्ह कोल्हापुझे'. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. त्यामुळे हे गाव त्या भाषेला अगदी परकं नाही. मला पहिल्यांदा 'व्ह कोल्हापुझे' म्हणता आलं तेव्हा फार बरं वाटलं होतं.

उपाय म्हणाल तर असा: नवा शब्द वहीत कधीही एकटा लिहू नका. शेजारी त्याचं षष्ठीचं रूप लिहा. 'प्येस, प्सा' अशी जोडी. शब्द आतून बदलत असेल तर बहुतेक वेळा ते षष्ठीतच दिसून जातं. सप्तमीतला स-श सारखा बदल तेवढा वेगळा लक्षात ठेवावा लागतो.

आकडे: इथे मराठी उपयोगाची नाही, खिशातली नाणी आहेत

क्राकूफच्या रस्त्यांवर काचेच्या हातगाड्यांवर ओब्व्हाझानेक विकतात, पीळ दिलेली पावाची मोठी कडी, वर मीठ, तीळ किंवा खसखस. एका सकाळी ऑफिससाठी पाच घ्यायच्या होत्या. मी म्हटलं 'प्येंच ओब्व्हाझांकी'. गाडीवरच्या बाईंनी पिशवीत एकेक टाकत शांतपणे म्हटलं, 'प्येंच ओब्व्हाझांकुफ, झ माक्येम?' खसखशीच्या ना? मी पैसे काढले आणि हातातल्या नाण्यांकडे बघतच राहिले. उत्तर तिथे छापलेलं होतं.

पोलिश नाण्यांवर १ च्या खाली 'झ्वोती' असतं, २ च्या खाली 'झ्वोते', आणि ५ च्या खाली 'झ्वोतिख'. छोटी नाणी घ्या: १ ग्रोश, २ ग्रोशे, ५ ग्रोशी. नियम एवढाच आहे. एकाला एकवचन. दोन, तीन, चारला साधं अनेकवचन. पाचपासून पुढे षष्ठीचं अनेकवचन. बारा, तेरा, चौदा पाचच्या गटात. बावीस, तेवीस, चोवीस मात्र परत दोनच्या गटात. आणि एकवीस, शेवटी एक असूनही, पाचच्या गटात.

पाचला षष्ठी का? कारण जुन्या काळी 'पाच' हे विशेषण नव्हतं, नाम होतं. आपण केळ्यांचा घड, भाकऱ्यांची चवड म्हणतो ना, तसं ते ट्रामांचं 'पंचक' म्हणतात. हे कळलं की पुढची अडचणही सुटते: क्रियापद एकवचनी का? दोन ट्राम येतात तेव्हा 'द्वा त्रामव्हाये यादों', पण पाच आल्या की 'प्येंच त्रामव्हायुफ येजे'. चवड एकच असते. पुरुष माणसं मोजायची वेळ आली की आकड्याचंही रूप बदलतं. तो विषय वेगळा आहे आणि नवीन शिकणाऱ्याने तो खुशाल सहा महिने पुढे ढकलावा, दुकानात तो लागत नाही.

भूतकाळ: अर्धी मराठी घ्या, अर्धी सोडा

मी होतो, मी होते. पोलिशमध्येही पुरुष 'बिवेम' म्हणतो आणि बाई 'बिवाम'. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना याची सवय व्हायला महिने लागतात, आपल्याला नाही लागायला पाहिजेत. पण आपली स्वतःची एक चूक इथे घुसते, आणि ती इंग्रजी पुस्तकात कुठेच लिहिलेली नसते, म्हणून शिक्षकांनाही कळत नाही की हा असं का बोलतोय. 'मी पोळी खाल्ली' यात क्रियापद पोळीशी जुळतं, माझ्याशी नाही. पोलिशमध्ये ते कर्त्याशी जुळतं, कर्माशी नाही. मी बाई आहे, तर पाव पुल्लिंगी असला तरी 'झ्याद्वाम ख्लेब'. पुरुषाने सँडविच खाल्लं आणि ते पोलिशमध्ये स्त्रीलिंगी असलं तरी 'झ्याद्वेम कानाप्के'. मनात नमुना ठेवायचा तो 'मी गेलो, मी गेले' हा. 'मी खाल्ला, मी खाल्ली' हा नाही.

आपली बायको की त्याची

हे थोडक्यात. 'त्याने आपली सायकल घेतली' आणि 'त्याने त्याची सायकल घेतली' यात मराठीत फरक करता येतो. पोलिशमध्ये तो करावाच लागतो: 'स्फुय' म्हणजे आपला, 'येगो' म्हणजे त्याचा, दुसऱ्या कुणाचा तरी. इंग्रजीत एकच शब्द असल्यामुळे लोक सगळीकडे 'येगो' टाकतात आणि 'त्याचं बायकोवर प्रेम आहे' हे वाक्य शेजाऱ्याच्या बायकोवर जाऊन पडतं. मराठीत 'आपला' बसत असेल तर 'स्फुय'.

क्रियापदांच्या जोड्या

इथे मराठी अर्धवटच मदत करते, तरी इंग्रजीपेक्षा बरी. पोलिशमध्ये जवळपास प्रत्येक क्रियापदाची जोडी असते: 'पिसाच' लिहिणे, 'नापिसाच' लिहून पुरं करणे. इंग्रजी काळांशी त्यांची सांगड घालायला गेलात तर हमखास चुकाल, कारण हा काळाचा प्रश्नच नाही. मी अशी चाचणी लावते: वाक्यात 'लिहून टाकलं', 'वाचून काढलं', 'करून झालं' असं म्हणता येतं का? येत असेल तर पूर्णत्वाचं क्रियापद. 'लिहीत होते', 'लिहायचे' म्हणावंसं वाटत असेल तर दुसरं. दोन गोष्टी यातून आपोआप सुटतात. 'वाचायला सुरुवात केली' आपण म्हणतो, 'वाचून काढायला सुरुवात केली' म्हणत नाही. पोलिशमध्येही सुरुवातीच्या क्रियापदामागे अपूर्णच येतं. आणि पूर्णत्वाच्या क्रियापदाला वर्तमानकाळ नाही. 'नापिशे' दिसायला वर्तमानकाळ आहे, पण अर्थ 'मी लिहून टाकीन' असा भविष्याचा. गतीची क्रियापदं, म्हणजे जाणं-येणं, मात्र या चाचणीत बसत नाहीत, ती वाक्यांसकट पाठच करावी लागतात.

रोजचा उपाय

तक्ते बंद करा. निदान दोन महिने. रोज रात्री दिवसभरातल्या पाच गोष्टी घरच्या मराठीत लिहा, प्रत्यय अधोरेखित करा, आणि तिथून सरळ पोलिशमध्ये उतरा. मध्ये इंग्रजी शब्द डोक्यात आला तर थांबून मराठी वाक्य मोठ्याने म्हणा आणि पुन्हा सुरू करा. पहिले दहा दिवस हे फार संथ वाटेल. शंका आली तर पोलिश विकिकोशात शब्दाची सगळी रूपं मिळतात. पण आधी लिहा, मग बघा.

पोलिश शिक्षकांना एक विनंती करा: चूक झाली तर नियम सांगू नका, फक्त बरोबर वाक्य पुन्हा म्हणा, त्या गाडीवरच्या बाईंसारखं. आणि ते वाक्य तुम्ही लगेच, जागच्या जागी, एकदा पूर्ण म्हणा. पोलंड सरकारच्या पोलिश भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षेला बसणार असाल तर तिथे व्याकरणाचा स्वतंत्र भाग असतो, त्यासाठी शेवटच्या महिन्यात तक्ते पुन्हा उघडावे लागतील. तोपर्यंत त्यातली बरीच रूपं तुमच्या तोंडात आधीच बसलेली असतील.

दोन महिन्यांनी पुन्हा दुरुस्त झालेली तीस वाक्यं जमवा आणि तीच तपासणी करा. मराठीत प्रत्यय असूनही पोलिशमध्ये गाळलेला, अशी वाक्यं माझ्याकडे चार उरली होती. बाकीच्या चुका आकड्यांच्या आणि जाण्या-येण्याच्या क्रियापदांच्या होत्या. तुमच्याही तशाच उरल्या असतील तर नाणी खिशात ठेवा आणि रोजची पाच वाक्यं आता फक्त प्रवासाची लिहा.